डिसेंबरातला उबदार हिमालय आणि हिमस्खलन: बेळगावकर ट्रेकर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. गोवा एक्सप्रेसचं निजामुद्दीनपर्यंतचं तिकीट निघालेलं असतं, पुढे डेहराडून आणि केदारकांठा ट्रेकच्या पायथ्याचं सांक्री ठरलेलं असतं, आणि मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर वरचे डोंगर उघडेबोडके असल्याचा फोटो टाकतं. त्यानंतर येणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले आहेत. दरवर्षी तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. लिहिणारा शास्त्रज्ञ नाही. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेला आणि सात-आठ हिवाळे वर जाऊन आलेला टिळकवाडीचा माणूस आहे.

बेळगावात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. मग आपल्याला हे कशाला?

गरिबांचं महाबळेश्वर म्हणवणाऱ्या आपल्या गावात पारा बारावर आला की कानटोप्या बाहेर निघतात, हे खरं. पण दर डिसेंबरात बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड इथून उत्तराखंडातल्या केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी पासला जाणाऱ्यांची संख्या वाढतेच आहे. आपण पोहोचतो तो हंगामाच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे नाताळच्या सुट्टीत. शाळा-कॉलेजं आणि बँकांच्या सुट्ट्यांना बर्फाच्या वेळापत्रकाची पर्वा नसते.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या गटांत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे असतात. मराठीत हिमपात म्हणजे बर्फ पडणं. कन्नड वर्तमानपत्रांत मात्र हाच शब्द हिमस्खलनासाठीही सर्रास येतो. एकदा कॅम्पवर ‘रात्री हिमपात होणार’ असं एकाने सांगितल्यावर अर्धा तंबू खूश झाला आणि अर्धा तंबू बूट चढवायला लागला. म्हणून गटात ठरवून टाका: बर्फ ‘पडतो’ आणि हिमस्खलन ‘सुटतं’.

यंदा वर थंडी कमी, बर्फही कमी. म्हणजे धोकाही कमी ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि उत्तर पटायलाही सगळ्यात जास्त वेळ लागतो.

बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास राहते, बर्फाचं पांघरूण तिची ऊब धरून ठेवतं. निरभ्र रात्री बर्फाचा वरचा पृष्ठभाग मात्र झपाट्याने थंड होतो. समजा, तो उणे १२ अंशांवर गेला. थर २ मीटर जाड असेल तर हा १२ अंशांचा फरक २०० सेंटीमीटरवर पसरतो, म्हणजे दर १० सेंटीमीटरला ०.६ अंश. थर ४० सेंटीमीटरचाच असेल तर तोच फरक दर १० सेंटीमीटरला ३ अंश होतो. हा आकडा एक अंशाच्या वर गेला की बर्फाच्या आत उलथापालथ सुरू होते. खालच्या उबदार कणांतली वाफ वर सरकते, कणांना एकमेकांशी जोडणारे बंध सुटतात, आणि त्या जागी पैलू पडलेले, टोकदार, साखरेसारखे सुटे कण वाढतात. म्हणजे पातळ बर्फ हा नुसता थोडा बर्फ नसतो, तो आतून पोखरलेला बर्फ असतो.

त्यात दिवसाची ऊब भर घालते. दुपारच्या उन्हाने वरचा भाग ओला होतो, रात्री गोठून त्याचा काचेसारखा पापुद्रा बनतो, आणि पापुद्र्याच्या वर-खाली पुन्हा तेच सुटे कण जमतात. असं दोन-तीन आठवडे चालतं. मग एखादा पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं वादळ) येतो आणि या सगळ्यावर एका रात्रीत अर्धा मीटर ताजा बर्फ टाकतो. पायाच नसलेल्या जागेवर मजला चढवल्यासारखं होतं.

जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार पिवळ्या गवताने भरलेले होते, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या महिन्याच्या शेवटी बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत जोरदार पडला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला नेहमीची स्कीची वाट सोडून गेलेला एक रशियन स्कीयर हिमस्खलनात दगावला. उशिरा आलेला बर्फ बघून सगळ्यांना हायसं वाटतं, आणि काळजी घ्यायचे दिवस नेमके तेच असतात.

एक गोष्ट ऊबेच्या बाजूनेही सांगायला हवी. संपूर्ण थर भिजून पुन्हा तळापर्यंत घट्ट गोठला, तर तो बर्फ चांगलाच मजबूत होतो. घात करतं ते अर्धवट वितळणं.

तो ‘साखरेसारखा बर्फ’ ओळखायचा कसा?

आमचा एक डिसेंबर सांगतो. सांक्रीहून निघालो तेव्हा जंगलात जमीन कोरडी होती. वरच्या कॅम्पच्या अलीकडे देवदारांच्या सावलीत गुडघाभर बर्फ लागला. वरून पापुद्रा इतका कडक की बुटाची टाच मारावी लागत होती. सोबतच्या गाइडने काठीची खालची चकती काढली आणि काठी हळूच उभी आत दाबली. सुरुवातीला जोर लागला, मग कट्‌कन आवाज होऊन काठी एकदम सुळ्ळकन जमिनीपर्यंत गेली. वर घट्ट आणि खाली काहीच नाही. त्याने हाताने खड्डा करून तळचा बर्फ माझ्या हातमोज्यावर ठेवला. रेशनच्या दुकानातल्या जाड्या साखरेसारखे चमकणारे दाणे होते ते. मूठ दाबली तरी गोळा होईना, बोटांतून गळून गेले. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

काठीची ही चाचणी पास-नापास ठरवणारी नाही. ती फक्त ‘खाली पोकळ आहे’ हे सांगते. ती चांगली लागली म्हणून तीव्र उतारावर चढायचं नसतं, कारण वीस पावलं पुढे थर वेगळा असू शकतो.

हिमस्खलन म्हणजे वरून बर्फाचा कडा कोसळतो तेच ना?

तेही होतं, पण माणसं बहुधा वेगळ्याच प्रकारात जातात. शहाबादी फरशी तिरक्या फळीवर ठेवा, पण मध्ये मोहरी पसरून. फरशी बराच वेळ जागेवर राहील. मग तिच्यावर एक बोट दाबा. अख्खी फरशी एकदम सुटते, तुमच्या बोटाखालचा तुकडा तेवढा नाही. वाऱ्याने किंवा नव्या बर्फाने बनलेला वरचा एकसंध थर म्हणजे ती फरशी. त्याला जगभर स्लॅब म्हणतात, आपल्याकडे घराला असतो तोच शब्द. खालचे साखरदाणे म्हणजे मोहरी आणि बोट म्हणजे आपण. जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्क्यांत स्लॅब सुटायला कारण झालेला माणूस अडकलेल्यांपैकी किंवा त्यांच्याच गटातला असतो. निसर्गाचा कोप वगैरे शब्द म्हणूनच मला तेवढे पटत नाहीत.

सुटलेला कोरडा स्लॅब काही सेकंदांत ताशी १०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. पळून सुटका नाही.

किती उतार असला की घाबरायचं?

३० ते ४५ अंश. त्यातही ३५ ते ४० अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त. ३० अंशांहून सौम्य उतारावर स्लॅब सहसा सुटत नाही, आणि फार उभ्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. मोबाइलमध्ये कोन मोजणारं ॲप असतं. काठी उताराच्या दिशेने वर-खाली टाकून तिच्यावर मोबाइल ठेवला की झालं. घरी सराव करा, आधी डोळ्याने अंदाज करून मग मोजा. आमच्यात बहुतेकांचा अंदाज आठ-दहा अंशांनी चुकला होता.

मोजताना एक चूक हमखास होते. आपण उभे आहोत तो उतार सगळे मोजतात, डोक्यावरचा कुणी मोजत नाही. तुम्ही सपाट पठारावर डबा खात असाल आणि वरचा उतार ३८ अंशांचा असेल, तर तुम्ही धोक्यातच बसला आहात.

सह्याद्रीत वीस वर्षं फिरलोय. तो अनुभव कामाला येत नाही का?

दम, पाय, पाठपिशवी भरणं, रात्री न घाबरणं यासाठी येतो. वाट निवडताना मात्र तोच अनुभव फसवतो, आणि हे मी स्वतःवरून सांगतो.

आपल्याकडे नाळ म्हणजे वर जायची हक्काची वाट. दोन्ही बाजूंना कातळ, मधून दगडधोंड्यांतून चढायचं. बर्फात नाळ म्हणजे सापळा. वरचा सगळा बर्फ तिथूनच वाहतो आणि तळाशी खोल साठतो, म्हणून लहानसं स्खलनही माणसाला पार गाडून टाकतं. वर धारेवरून किंवा दाट झाडीतून जायचं. विरळ झाडी मात्र आधार देत नाही. झाडांच्या एकाच बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, किंवा जंगलात उभी मोकळी पट्टी दिसली, तर तिथून पूर्वी बर्फ उतरलेला आहे.

दुसरं, आपण पावलांवर विश्वास ठेवतो. कलानंदीगडाच्या रानात गुरांची वाट दिसली की जीव भांड्यात पडतो, कारण ती कुठेतरी पोहोचतेच. बर्फावर आधीच्या गटाच्या पाऊलखुणा एवढंच सांगतात की काल इथून माणसं गेली. दहा जणांनंतर अकराव्याच्या पायाखाली स्लॅब सुटल्याची उदाहरणं आहेत, कारण अकरावा नेमका थर पातळ असलेल्या जागी पाय ठेवतो आणि त्याचं वजन तळच्या दाण्यांपर्यंत पोहोचतं.

तिसरं, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, आपण एकमेकांना चिकटून, हात देत जातो. संशयित बर्फउतार ओलांडावाच लागला तर एकेकट्याने जायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. आपल्या माणसांना हे शिकवणं सगळ्यात अवघड जातं. कुणाला एकटं सोडणं आपल्या रक्तातच नाही.

चौथं, दरडीचं मात्र आपल्याला बरोबर कळतं. मुसळधार पावसानंतर चोर्ला घाटात गाडी घालताना आपण दोनदा विचार करतो. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे २४ ते ४८ तास तसेच समजा.

आकाश निळंशार, ऊन छान. मग निघायला काय हरकत?

आदल्या रात्रीची चौकशी करा. रात्र निरभ्र होती की ढगाळ? निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडतो, त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री ती उष्णता अडकते आणि सकाळी बर्फ मऊच मिळतो. सकाळी सातला बूट घोट्यापर्यंत ओल्या बर्फात जात असेल तर त्या दिवशी सूर्यासमोरचे तीव्र उतार विसरा.

गोठलेल्या दिवशीही लवकर निघून लवकर उतरा. दक्षिण आणि पश्चिम बाजू दुपारी भिजतात. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, जिलबीच्या वेढ्यासारखी चाकं वळत खाली यायला लागली, की वेळ संपली. उत्तरेचे उतार याच्या उलट असतात. तिथे ऊन येत नाही म्हणून सगळं शांत दिसतं, पण साखरदाणे आठवडेच्या आठवडे तसेच टिकतात.

चालता चालता धोका कळेल अशी एखादी पक्की खूण आहे का?

आहे. पायाखाली ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज. गादीवर कुणी धपकन बसावं तसा. कधी त्यासोबत पायाखालचा बर्फ दोन बोटं खचतो. आतला कमकुवत थर कोसळल्याचा तो आवाज आहे. त्यानंतर चर्चा करायची नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. बुटापासून काचेच्या तड्यासारख्या भेगा धावल्या तर तेच. आणि समोरच्या, आपल्यासारख्याच उताराच्या डोंगरावर ताजं स्खलन दिसलं, तर त्याहून स्पष्ट सूचना डोंगर देऊ शकत नाही.

वाऱ्याकडेही बघा. बर्फ पडत नसतानाही धारेवरून धुरासारखा बर्फ उडताना दिसला, तर पलीकडच्या बाजूला स्लॅब तयार होतो आहे. फोटोत मात्र ते फार सुंदर दिसतं.

पाऊस पडला तर?

ताज्या बर्फावर पाऊस म्हणजे वजनही वाढलं आणि पकडही सुटली. तंबूत बसा किंवा खाली या.

हिमस्खलनाचा अंदाज कुठे मिळतो?

डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी अंदाज देते. पूर्वी हे काम ‘सासे’ या नावाने चालायचं, २०२०मध्ये ती संस्था डीजीआरईत विलीन झाली. सोबत हवामान खात्याचा अंदाजही बघा, पश्चिमी झंझावात कधी येतोय ते तिथे कळतं.

धोक्याच्या पाच पातळ्या असतात. तिसरी पातळी बघून लोक ‘पाचातले तीन, म्हणजे मध्यम’ असा हिशेब करतात. युरोपातल्या नोंदींत सगळ्यात जास्त बळी तीनच्याच दिवशी गेलेले आहेत, कारण चार-पाचला लोक घरात थांबतात. शिवाय अंदाज जिल्हा किंवा पट्ट्यासाठी असतो, तुमच्या नाळेसाठी नसतो.

उपकरणं कोणती? भाड्याने मिळतात का?

तीन: बीकन, प्रोब आणि फावडं. बीकन अंगावर असतो आणि ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडत राहतो. प्रोब ही जोडून लांब होणारी सळई, आणि फावडं धातूचं हवं. तिन्हींपैकी एक नसलं तर बाकीची दोन जवळजवळ निरुपयोगी. मोबाइल बीकनपासून किमान २० सेंटीमीटर लांब ठेवा, शोध घेताना ५०. मनालीत किंवा डेहराडूनला विचारून बघा, पण सराव इथेच करा. आम्ही लेले मैदानाच्या कडेला वाळूत बीकन पुरून शोधायचो. बघणाऱ्यांना वाटायचं, आमची अंगठी हरवली आहे.

नेहमीच्या केदारकांठा ट्रेकवर, जंगल आणि धारेच्या वाटेवर राहणार असाल, तर बहुतेक गट हे काही नेत नाहीत. तसं असेल तर मग वाट सोडून ‘त्या बाजूने शॉर्टकट’ करायचा नाही.

डोळ्यांदेखत कुणी गाडला गेला तर?

तो शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेने पकडून ठेवा, काठी रोवा. वरून दुसरं स्खलन येण्यासारखं आहे का ते बघायला एक माणूस उभा करा. बाकीच्यांनी त्या खुणेच्या खालच्या बाजूला शोधायचं: हातमोजा, पट्टा, पिशवी, यातलं काही वर दिसतं का. बीकनने जागा जवळ आणायची, प्रोबने नेमकी करायची, आणि प्रोब तसाच रोवून ठेवून उताराच्या खालच्या बाजूने आत खणायचं. डोक्यावर उभं राहून खणलं तर श्वासाची उरलेली पोकळी आपणच दाबतो. एक घनमीटर थांबलेला बर्फ ३०० ते ५०० किलो भरतो आणि सिमेंटसारखा आवळतो. खणणाऱ्यांनी दर मिनिटा-दोन मिनिटांनी अदलाबदल करा.

मदत मागवायला माणूस खाली धावत पाठवू नका, आधी सगळे हात कामाला लावा. पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर तिघांत एक. जवान किंवा एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती बचाव दल) येईपर्यंत हा वेळ निघून गेलेला असतो, त्यात त्यांचा दोष नाही.

आपण स्वतः सापडलात तर काठ्या सोडा, कडेला यायची धडपड करा आणि वेग मंदावताना दोन्ही हात तोंडासमोर आणा.

पण धारवाडचे हणमंतप्पा सहा दिवस बर्फाखाली जगले ना?

हो. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद, कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे. ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचीनवर सुमारे १९,६०० फुटांवरची चौकी बर्फाखाली गेली, दहा जण गाडले गेले. सहा दिवसांनी ते जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या आपल्या गावात तो आठवडा सगळ्यांनी टीव्हीसमोर काढला, भाषा कुठलीही असो. पण लक्षात घ्या, ते चौकीच्या निवाऱ्यात होते. उघड्या उतारावर वाहून गेलेल्या माणसाभोवती असा निवारा नसतो. त्यांच्या नावाने स्वतःला धीर देऊ नका.

शिकलेल्या, अनुभवी लोकांनाही हे होतं का?

४ ऑक्टोबर २०२२. द्रौपदी का डांडा-२, उत्तरकाशी. नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थींची तुकडी शिखराजवळ हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले, त्यात प्रशिक्षकही होते. महिना बघा: ऑक्टोबर. आपण ज्याला हिवाळा म्हणत नाही तो.

ट्रेक कंपनीला काय विचारू?

जेवणाचा मेनू नंतर विचारा. वाटेत ३० अंशांवरचे उतार कुठे आहेत, बर्फ पडल्यावर किती दिवस थांबता, शिखर रद्द करायचा निर्णय कोण घेतो, आणि रद्द झालं तर पैशाचं काय? ‘आमचं शिखर शंभर टक्के होतं’ असं सांगणारा असेल तर दुसरा शोधा. जून २०२४मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालला कर्नाटकातून गेलेल्या गटातले ९ जण दगावले. तिथे कारण हिमस्खलन नव्हतं, बिघडलेलं हवामान होतं. परत फिरण्याचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच येतो.

आम्ही ट्रेकर नाही, नुसते बर्फ बघायला जातोय.

४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर हिमस्खलनात गेलेले ७ जण पर्यटकच होते. पोलिसांनी सांगितलेल्या जागेच्या पुढे जाऊ नका आणि उभ्या उताराच्या तळाशी सेल्फी काढत थांबू नका.

सॅटेलाइट फोन नेऊ का?

परवानगीशिवाय नेऊच नका, भारतात तो गुन्हा आहे. मनगटावरचा किंवा पिशवीला लावायचा सॅटेलाइट मेसेंजरही त्यातच आला. रेंज असेल तिथे ११२ लावा.

आई नको म्हणते. तिला काय सांगू?

सगळं खरं सांगा. कागदावर कॅम्पांची नावं, तारखा, गाइडचा नंबर आणि परत रेंजमध्ये येण्याचा दिवस लिहून फ्रिजवर चिकटवा. सांक्रीच्या पुढे रेंज जाते, हे तर ठळक लिहा. आमच्या एका मित्राचं हे सांगायचं राहिलं. तो खाली उतरून डेहराडूनच्या बसमध्ये बसला तेव्हा मोबाइलवर ६३ मिस्ड कॉल होते. त्यातले ११ माझ्या नंबरवरून. त्याच्या आईने आमच्या घरी येऊन, चहा न घेता, माझ्याच फोनवरून केलेले.